मीठ, कोळसा आणि पत्र्याची पट्टी

गेली सोळा-सतरा वर्षं मी लोकांना खड्डे खणायला लावत होतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, एक जयसिंगपूरजवळ. सगळे मिळून अकरा. सीएनसी मशीनवर न सापडणारा अलार्म येतोय म्हणून मला बोलावायचं, मी दोन दिवस पॅनेलमध्ये डोकं घालून बसायचं आणि तिसऱ्या दिवशी हात पुसत म्हणायचं, "मालक, अर्थिंग कच्चं आहे. मशीनला स्वतःचा वेगळा खड्डा करा." मग कोळसा, मीठ, तांब्याची प्लेट, वर पाणी ओतायला नळी. एक-दोन ठिकाणी माझं नाव 'खड्डेवाले साहेब' असंच पडलं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्या अकरापैकी एकाही खड्ड्यानं मशीन बरं केलं असं आज मला छातीठोक सांगता येत नाही. उलट काही ठिकाणी त्या खड्ड्यानं मशीनपुढं उभ्या राहणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका करून ठेवला होता आणि ते मला ठाऊकही नव्हतं. ज्यांना हे सांगायला हवं होतं त्यांना तोंडी सांगून झालंय. आता लिहून टाकतो.

सुरुवात मशीनपासून करतो. सर्वो मोटरच्या पाठीवर एक लाल टोपण असतं, त्याच्या आत एन्कोडर. मोटर किती फिरली हे तो क्षणाक्षणाला कंट्रोलला कळवत राहतो. बॉलस्क्रूचा पिच १० मिलिमीटर असेल आणि एका फेरीचे १०,००० भाग मोजले, तर एकेक भाग एका मायक्रॉनचा होतो. हल्लीचे एन्कोडर फेरीचे दहा लाख भाग करतात. ही सगळी बातमी जाते पिळलेल्या दोन बारीक तारांमधून, पाच व्होल्टच्या जिवावर. आणि हातभर अंतरावरून, शेजारच्याच जाड केबलमधून, ड्राइव्ह त्याच मोटरला तीनशे व्होल्टचे ठोके देत असतो, सेकंदाला हजारो. मिरवणुकीत ढोल-ताशाच्या पथकाला खेटून उभं राहून कुणी कानात पैशांचा हिशोब सांगावा, तसला प्रकार. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन का घालतात, तर बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडावा आणि दोघींतली वजाबाकी केली की तो निघून जावा. बहुतेक वेळा जातो. नाही गेला की कंट्रोल मशीन जागच्या जागी थांबवतो आणि पडद्यावर ३६८ नंबर येतो. एन्कोडरकडून आलेला मजकूर वाचता आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. का वाचता आला नाही, हे तो सांगत नाही.

ज्या मशीननं माझे डोळे उघडले ते शिरोलीतलं एक व्हीएमसी. पंपाच्या बिडाच्या हाउसिंगचं मशीनिंग. एक्स अ‍ॅक्सिसला ३६८. कधी दिवसात तीनदा, कधी दोन दिवस काही नाही. कटर जॉबमध्ये असताना अलार्म आला की इन्सर्ट तुटणार, जॉब भंगारात जाणार. ऑपरेटर पोरगा इतका वैतागलेला की रॅपिड निम्म्यावर ठेवूनच मशीन चालवायचा.

मी माझ्या नेहमीच्या क्रमानं गेलो. आधी लाल टोपणाशेजारचा कनेक्टर उघडला. बिडाचं काम करणाऱ्या शॉपमध्ये पहिला संशय तिथंच घ्यावा, आणि हे मी आजही सांगेन. बिडाचा बारीक चुरा कूलंटात मिसळला की काजळीसारखा काळा चिखल होतो, ग्लँड सैल असेल तर तो आत शिरतो, आणि त्यातून वीज वाहते. इथं कनेक्टर कोरडा ठणठणीत. मग एक्सची मोटर वायला, वायची एक्सला. दोन्ही एकाच मॉडेलच्या. अलार्म एक्सवरच राहिला, म्हणजे मोटर आणि एन्कोडर सुटले. ॲम्प्लिफायर बदलून पाहिला, तेच. उरली केबल. ती मी नवी करून घातली. स्वतःच्या हातानं, लोकल शील्डेड केबल आणून, दोन्हीकडे कनेक्टर सोल्डर करून. तरी अलार्म आहेच.

मग मी ते वाक्य बोललो. मालक म्हणाले, "करा की साहेब. मशीन चालल्याशी मतलब."

पॅनेलच्या मागं, भिंतीबाहेर, खड्डा झाला. नवी केबल त्या खड्ड्यापासून थेट मशीनच्या बॉडीला आणि पॅनेलच्या अर्थ बारला. शॉपच्या मुख्य अर्थिंगची तार मात्र मी मशीनवरून सोडवून टेप लावून ठेवली, कारण माझं ठाम मत होतं की शॉपची अर्थ 'घाण' असते, तिच्यावर वेल्डिंग मशीन, फर्नेसच्या मोटरा, सगळ्यांचा कचरा असतो. माझ्या मशीनला स्वच्छ अर्थ पाहिजे. टेस्टरनं मोजलं तर ०.८ ओम. शिरोलीची काळी माती ओल धरून असते. मी ते मालकांना दाखवलं, बिलावरही लिहिलं.

आणि अलार्म थांबला! एक दिवस, चार दिवस, पंधरा दिवस. मालकांनी बोलावून पेढ्यांचा बॉक्स दिला. मी तो घरी नेला आणि बायकोला सगळी गोष्ट रंगवून सांगितली.

चाळिसाव्या दिवशी फोन. "आलाय की परत."

गेलो. या वेळी मी पॅनेल उघडायच्या आधीच खड्ड्यात पाणी घालायला सांगितलं, इतका माझा विश्वास. तेवढ्यात ऑफिसातल्या अकौंटंट ताई फाइल घेऊन आल्या. त्यांना वर्षअखेरीचं काम उरकायचं होतं. म्हणाल्या, "दादा, हे खड्ड्याचं बिल आणि हे ड्राइव्हच्या रिपेरीचं. दोन्ही एकाच आठवड्यातली आहेत. दोन्ही याच मशीनच्या खात्यात टाकू का?"

"कसला ड्राइव्ह?"

"तो धूळ ओढायच्या ब्लोअरचा."

मी दोन्ही बिलं हातात घेतली. ब्लोअरचा व्हीएफडी ९ तारखेला दुरुस्तीला गेला होता. माझा खड्डा ११ ला पुरा झाला. व्हीएफडी पुढच्या महिन्यात १९ ला परत आला, त्याच दिवशी बसवला. आणि मला फोन आला होता २० ला, सकाळी. मधल्या काळात ब्लोअर बंद नव्हता, त्यांच्या इलेक्ट्रिशियननं तो थेट स्टार्टरवर चालवला होता. म्हणून कुणाच्या काही ध्यानातच आलं नाही. ब्लोअर तर फिरतोय!

त्या दोन कागदांकडे बघताना कान गरम झाले. ताईंना म्हणालो, हो, दोन्ही याच मशीनवर टाका.

ब्लोअर बंद करून दोन तास मशीन चालवलं. काही नाही. ब्लोअर चालू केला, वीस-पंचवीस मिनिटांत ३६८. मशीनच्या मागं गेलो. व्हीएफडीपासून ब्लोअरच्या मोटरकडे जाणारी साधी चार कोअरची केबल, शील्ड वगैरे काही नाही, माझ्या एक्सच्या एन्कोडर केबलला खेटून पाच-सहा मीटर गेलेली. वर व्यवस्थित केबल टाय मारलेले, हातभर अंतरावर एकेक. ज्यानं ते बांधलं त्यानं काम नीटनेटकं केलं होतं.

इथं गोष्ट संपवली असती तर दोष त्या इलेक्ट्रिशियनचा ठरला असता आणि मी सुटलो असतो. केबल वेगळी करा, काम खलास. पण एक प्रश्न मला सोडेना. वायची एन्कोडर केबलही त्याच ट्रेमधून जात होती, त्या ब्लोअरच्या केबलपासून फार तर दोन बोटं लांब. तिला कधीच काही झालं नाही. का?

पॅनेल उघडून टॉर्च लावून बसलो. वायची केबल कंपनीकडून आलेली, मूळची. पॅनेलमध्ये शिरल्यावर ती एका पत्र्याच्या पट्टीवर आवळलेली होती, आणि जिथं आवळली होती तिथं तिचं काळं आवरण दोन-अडीच सेंटिमीटर सोललेलं होतं. आतली जाळी उघडी, चकचकीत, चारही बाजूंनी क्लॅम्पला आणि पट्टीला दाबून बसलेली. आणि एक्सची? तिला क्लॅम्पच नव्हती. जाळी पिळून तिची शेपटी केलेली, शेपटीला पुढं वीतभर हिरवी तार जोडलेली, ती तार लांब फिरून अर्थ बारच्या स्क्रूला. मोटरच्या टोकाला तर जाळी कापून त्यावर हीट श्रिंक चढवलेली. दोन्ही कामं माझी. ही केबल माझीच, आणि तीन वर्षांपूर्वी मूळची केबल तुटली होती तेव्हा घातलेलीही माझीच होती. लोकल केबल जाड असते, ती त्या क्लॅम्पमध्ये बसत नाही, म्हणून तेव्हाच मी क्लॅम्प काढून टाकली होती.

मला ती केबल धरून ठेवायची पट्टी वाटायची. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरी-धंद्यात किती क्लॅम्प काढून खिशात टाकल्या असतील, हिशोब नाही. घरी एक डबा आहे, त्यात सापडल्या पंधरा-सोळा.

मोटरच्या टोकाला शील्ड कापायची हे मला भोसरीत माझ्या पहिल्या मिस्त्रींनी शिकवलं. शील्ड एकाच टोकाला अर्थ करायची, दोन्हीकडे केली की लूप होतो आणि लूपमधून गुणगुण शिरते. ते चूक शिकवत नव्हते, हे आवर्जून सांगतो. ते ज्या मशीनवर वाढले त्यात डीसी सर्वो, थायरिस्टरचे ड्राइव्ह, मागं टॅको आणि १० व्होल्टचा ॲनालॉग सिग्नल. तिथला त्रास ५० आणि १०० हर्ट्झचा, आणि त्याला एका टोकाची शील्ड हे बरोबर औषध. आजही ॲनालॉगची किंवा थर्मोकपलची केबल असेल तर बहुतेक ठिकाणी मी तसंच करीन. पण नंतर ड्राइव्ह बदलले. त्यांच्या ठोक्याची धार मायक्रोसेकंदाच्याही आतली झाली, आणि अशा धारेत दहा लाख हर्ट्झ आणि त्याच्याही वरचा मालमसाला भरलेला असतो. मिस्त्रींचा धडा मी पाठ केला होता. तो कुठल्या मशीनसाठी होता, हे कधी विचारलं नाही.

घरी येऊन वही घेऊन बसलो. सरळ तारेला मीटरमागं साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स धरतात. माझ्या खड्ड्याची तार वीस मीटर, म्हणजे वीस मायक्रोहेन्री. दहा लाख हर्ट्झला ती तारच सव्वाशे ओमची होते. टेस्टर ०.८ दाखवतो तो सव्वाशे-दीडशे हर्ट्झला. ज्या गोंगाटासाठी मी तांब्याची प्लेट पुरली, त्याला तो खड्डा दिसतच नव्हता. त्याच्या लेखी वीस मीटर तारेच्या पलीकडं काहीही असो, तांबं असो की पाटा-वरवंटा.

आणि खरी मुद्द्याची गोष्ट मला त्या वहीतच कळली. मी नॉइजला सांडपाणी समजत होतो आणि जमिनीला गटार. एक मोठं, स्वच्छ गटार करून दिलं की घाण त्यात मुरेल. पण ड्राइव्हच्या प्रत्येक ठोक्याबरोबर केबलच्या आणि वाइंडिंगच्या इन्सुलेशनच्या आडून जो थोडासा करंट मोटरच्या बॉडीत झिरपतो, त्याला जमिनीत मुरायचं नसतंच. त्याला ज्या ड्राइव्हमधून निघाला तिथंच परत जायचं असतं. जी वाट जवळची आणि रुंद, ती तो धरतो. तुम्ही त्याला चांगली वाट दिली नाही तर तो शेजारच्या पिळलेल्या बारीक तारांमधून जातो. शील्ड दोन्ही टोकांना, चारही बाजूंनी दाबून बसवायची ती त्याच्यासाठी. पत्र्याची पट्टी ही ती वाट होती. बारीक शेपटी आणि वीतभर तार म्हणजे हायवे सोडून पाणंद.

हे खरं की वहीतलंच, ते पाहायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ब्लोअरची केबल मुद्दाम तिथंच ठेवली, टायसकट. एक्सच्या केबलचं आवरण सोलून जाळी उघडी केली, गोकुळ शिरगावच्या एका शॉपमधून मोठी क्लॅम्प आणून आवळली. मोटरकडचं हीट श्रिंक कापून जाळी कनेक्टरच्या धातूच्या बॉडीला बसवली. ते उघडलंच होतं तर तिथले पाच व्होल्टही मोजले. ४.६ भरले, कारण मूळ केबलमध्ये पाच व्होल्टला एकापेक्षा जास्त तारा जोडीनं येतात आणि मी एकेकच बारीक तार घातली होती. तीही वाढवली. ब्लोअर चालू, रॅपिड शंभर टक्के. चार दिवस मशीन चाललं. पाचव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत मशीन बंद करून, शॉपची मुख्य अर्थ परत जोडली आणि माझ्या खड्ड्याची तार काढून टाकली. मशीन पुन्हा चालू केलं, काही झालं नाही. तेव्हा कुठं ब्लोअरची केबल वेगळ्या पाइपात टाकली.

मशीन सुधारलं. माझी झोप मात्र त्याच रात्री उडाली, कारण वहीत आणखी एक गणित राहिलं होतं.

ज्या मशीनची मी मुख्य अर्थ सोडवली आणि फक्त वेगळ्या खड्ड्यावर टाकलं, त्याच्या बॉडीला एखादा फेज चिकटला तर? उंदरानं केबल कुरतडली, इतकं पुरे. करंट माझ्या खड्ड्यातून मातीत, मातीतून ट्रान्स्फॉर्मरच्या खड्ड्यात असा परत जाणार. माझा खड्डा उन्हाळ्यात वाळून दोन ओमचा झाला आणि तिकडचा एक ओमचा धरला, तर २३० भागिले ३, म्हणजे ७७ अँपिअर. ६३ चा ब्रेकर ७७ ला तासभरसुद्धा तग धरू शकतो. आणि तेवढा वेळ मशीनच्या बॉडीवर दीडशे व्होल्ट. ओल्या कूलंटात, लोखंडी पायरीवर उभा राहून पोरगा दार सरकवणार. मुख्य अर्थ जोडलेली असती तर तांब्याच्या तारेतून शेकडो अँपिअर वाहिले असते आणि ब्रेकर क्षणात पडला असता. अर्थिंगचं भारतीय मानक, ३०४३ नंबरचं, १९८७ सालचं. २०१८ मध्ये ते सुधारलंसुद्धा. एका जागेतले सगळे खड्डे एकमेकांना जोडलेले असावेत, हे त्यात आहे. ते पुस्तक माझ्या कपाटात होतं. मी त्यातलं प्लेटचं माप तेवढं बघितलं होतं.

पुढचे दोन महिने रविवारचे मी अकरा ठिकाणी फिरलो. त्यातल्या सात ठिकाणी मी मुख्य अर्थ सोडवलेली निघाली, चार ठिकाणी तिथल्या इलेक्ट्रिशियननं माझं न ऐकता ती तशीच ठेवली होती. त्या चौघांना मी त्या वेळी अडाणी म्हटलेलं मला चांगलं आठवतं. एक जण अजून तिथंच आहे. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मला काय ठावं ते गणित? तार तोडायला हात धजला न्हाई, एवढंच."

मालकांचं म्हणाल तर एकानं हसून चहा पाजला. एकानं खड्ड्याचे पैसे परत मागितले, मी निम्मे दिले. कागलमधले एक ज्येष्ठ मालक म्हणाले, "तुम्हाला अर्थ लावायला बोलावलं आणि तुम्ही अनर्थ करून गेलात होय!" आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी काही मागितलं नाही. सगळ्यात अवघड गेलं ते एका ठिकाणी. तिथं खड्डा झाल्यापासून आठ वर्षं अलार्म आलेला नव्हता आणि मालक मला हात लावू देईनात. "चाललंय ते चालू द्या. तुम्हीच केलंय न्हवं ते?" माझंच काम माझ्यापुढं. तिसऱ्या रविवारी त्यांच्या मुलाला मशीनपुढं उभं करून ७७ चं गणित फळ्यावर खडूनं मांडलं, तेव्हा जोडू दिलं. त्या खड्ड्यात दर सोमवारी एक मामा बादलीभर पाणी ओततात. त्यांना मी काही बोललो नाही. जोडलेला आहे आता, पाणी घातलं तर काही बिघडत नाही. एक मशीन विकून सांगलीला गेलं, नव्या मालकाचा नंबर मिळवायला पंधरा दिवस लागले.

परवा हातकणंगल्याहून एका नव्या शॉपवाल्याचा फोन आला. झेड अ‍ॅक्सिसला ३६८, दोन मेकॅनिक येऊन गेले. "साहेब, खड्डा मारायला सांगू का जेसीबीवाल्याला? तुमचं नाव ऐकून फोन केलाय."

म्हटलं, जेसीबी राहू द्या. पॅनेल उघडून एन्कोडरच्या केबली जिथं पट्टीवर आवळल्यात, तिथला जवळून फोटो काढून पाठवा.

दहा मिनिटांत फोटो आला. तीन केबली, तीन क्लॅम्प, स्क्रू घट्ट आवळलेले. आणि तिसऱ्या क्लॅम्पखाली केबलचं काळं आवरण जसंच्या तसं, अखंड.